मोठे शब्द सोपे, छोटे कठीण : रशियन भाषकांना प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह शिकवताना

बी-टू पातळी (युरोपीय मोजपट्टीवरची वरची-मध्यम पायरी, तिच्या पुढची प्रगत पायरी सी-वन) गाठलेला रशियन विद्यार्थी शिकवायला घेतला की एक विचित्र गोष्ट लगेच दिसते. 'हायपोथिसिस', 'फिनॉमिनन', 'क्रायटेरिया' हे शब्द त्याला शिकवावे लागत नाहीत, पण 'ऑलबीइट', 'हेन्स', 'अंडरगो' समोर आले की तो थबकतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे सगळेच शब्द सारखे परके वाटतात. रशियनचं तसं नाही. 'गिपोतेझा', 'फेनोमेन', 'क्रितेरी' हे त्याच्या स्वतःच्या भाषेतच आहेत. आपल्याकडे जे प्रगत म्हणून शेवटी शिकवलं जातं ते त्याला आधीच येतं, आणि जे आपण किरकोळ समजून सोडून देतो तिथे तो अडतो.

हा लेख अशा विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी आहे. मग ते गोव्यातल्या मोरजी-हरमलच्या पट्ट्यात हंगामभर राहणारे रशियन असोत, की तिबिलिसी, येरेवान, अल्माटीहून ऑनलाइन वर्गाला बसणारे प्रोग्रॅमर. तुम्हाला रशियन येत असेल तर उत्तम. येत नसेल तर निदान रशियन लिपी वाचता येण्याइतकी शिकून घ्या. दोन आठवड्यांच्या फावल्या वेळात जमते. खालचे रशियन शब्द मी साधारण स्पेलिंगप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. बोलताना बलाघात नसलेला 'ओ' बराचसा 'अ'सारखा ऐकू येतो.

आधी यादी चाळून घ्या

वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक इंग्रजीची ५७० शब्दकुटुंबांची (म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं) यादी प्रसिद्ध केली. ती इंटरनेटवर सहज मिळते. विद्यार्थ्याला एका बैठकीत ती वाचायला द्या आणि जे शब्द बघताक्षणी कळतात ते खोडायला सांगा. 'ॲनॅलिसिस', 'कन्सेप्ट', 'स्ट्रक्चर', 'फंक्शन', 'फॅक्टर', 'स्ट्रॅटेजी', 'रिसोर्स' हे सगळे भराभर जातील. उरलेल्यांत 'व्हेअरॲज', 'देअरबाय', 'नॉटविथस्टँडिंग', 'अंडरटेक', 'आउटकम', 'ओव्हरलॅप', 'फोर्थकमिंग', 'समव्हॉट' अशी मंडळी दिसतील. लॅटिन-ग्रीक वंशाचे शब्द गेले, अस्सल इंग्रजी मातीतले राहिले. ही उरलेली यादी हाच तुमच्या पहिल्या दोन महिन्यांचा अभ्यासक्रम. बाजारात मिळणारी 'सी-वन पातळीचे हजार शब्द' छापाची यादी रशियनांसाठी निम्मी वाया जाते, म्हणून ती विकत घेऊ नका.

खोडलेल्या शब्दांवर मात्र आंधळा विश्वास नको. त्यांच्यातच पुढचा घोळ लपलेला असतो.

फसवे आणि अर्धफसवे

पूर्ण फसवे शब्द विद्यार्थ्याला शाळेतच सांगितलेले असतात. 'मगाझीन' म्हणजे दुकान, मासिक नव्हे. 'फामीलिया' म्हणजे आडनाव, कुटुंब नव्हे. 'आर्तीस्त' म्हणजे रंगमंचावरचा कलावंत, चित्रकार नव्हे. त्यांवर वेळ घालवू नका. अपवाद दवाखान्यातल्या शब्दांचा. रशियन 'आंगीना' म्हणजे टॉन्सिल सुजून दुखणारा घसा, इंग्रजी 'अँजायना' म्हणजे हृदयाचं दुखणं. रशियन 'इन्सुल्त' म्हणजे पक्षाघाताचा झटका, इंग्रजी 'इन्सल्ट' म्हणजे अपमान. गोव्यातल्या एखाद्या डॉक्टरसमोर 'मला अँजायना झालाय' म्हटलं तर घशाऐवजी ईसीजी निघेल. एवढे तरी पक्के करून घ्या.

खरा त्रास अर्धफसव्यांचा आहे. अर्थ थोडासा जुळतो, म्हणून चूक कानाला टोचत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. नोकरीच्या इंग्रजीत हमखास सापडणारे हे काही :

'कोन्त्रोलीरोवात्' याचा अर्थ बहुतेक वेळा तपासणं, लक्ष ठेवणं असा असतो. विद्यार्थी 'आय कंट्रोल द रिपोर्ट्स' म्हणतो. तिथे 'चेक' किंवा 'मॉनिटर' हवं.

'रेआलिझोवात्' म्हणजे प्रत्यक्षात आणणं. 'वुई रिअलाइज्ड द प्रोजेक्ट' हे वाक्य प्रोग्रॅमरांच्या परिचयपत्रात वारंवार दिसतं. 'इम्प्लिमेंटेड' किंवा 'डिलिव्हर्ड' लिहून घ्या.

'आक्तुआल्नी' म्हणजे आजच्या घडीला महत्त्वाचा. 'ॲक्चुअल प्रॉब्लेम' असं लिहिलं की इंग्रज वाचकाला 'खरी अडचण' असं कळतं. हवं असतं 'रेलेव्हंट' किंवा 'प्रेसिंग'.

'पेर्स्पेक्तीव्नी' म्हणजे होतकरू, म्हणून 'पर्स्पेक्टिव्ह डेव्हलपर' तयार होतो. 'प्रॉमिसिंग' हा शब्द सुचवा.

'देकादा' म्हणजे दहा दिवस. 'लास्ट डिकेड' ऐकून कुणी दहा वर्षं समजला तर करारातल्या तारखा कोसळतात.

यांत 'प्रेतेन्दोवात्' (हक्क सांगणं, दावा करणं, 'प्रिटेंड' म्हणजे ढोंग) आणि 'अक्कुरात्नी' (नीटनेटका, 'ॲक्युरेट' म्हणजे अचूक) यांची भर घाला. दर आठवड्याला तीन-चार घ्या, जास्त नको, आणि प्रत्येकासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामातलं वाक्य लिहून घ्या. तुमचं वाक्य त्याच्या लक्षात राहणार नाही.

एका शब्दाच्या जागी दोन

रशियनमध्ये एक शब्द आणि इंग्रजीत दोन, अशा जागा प्रगत विद्यार्थ्यालाही छळतात. इथे मराठी शिक्षकाला एक सोय आहे. 'पोलीतिका' हा एकच शब्द 'पॉलिटिक्स'लाही चालतो आणि 'पॉलिसी'लाही. आपण राजकारण आणि धोरण वेगळं म्हणतो. 'एकोनोमिका' म्हणजे 'इकॉनॉमी' आणि 'इकॉनॉमिक्स' दोन्ही. आपल्याकडे अर्थव्यवस्था आणि अर्थशास्त्र. 'इस्तोरिया' म्हणजे इतिहास आणि गोष्ट. 'उदोब्नी' म्हणजे सोयीस्करही आणि आरामदायकही, म्हणून 'इज फ्रायडे कम्फर्टेबल फॉर यू?' हा प्रश्न येतो. ही भांडणं आपल्याला चटकन दिसतात.

जिथे मराठी आणि रशियन एकाच बाजूला उभ्या आहेत तिथे सावध राहा, कारण चूक तुमच्याही नजरेतून निसटेल. 'रुका' म्हणजे हात, मग तो 'हँड' असो की 'आर्म'. 'पालेत्स' म्हणजे बोट, हाताचं असो की पायाचं. 'तेन' म्हणजे सावली, मग ती 'शेड' असो की 'शॅडो'. आर्टिकल तर दोन्ही भाषांत नाहीतच. त्यातून 'ही हॅज अ पेशन्स' आणि 'आय हॅव अ एक्स्पीरियन्स इन जावा' अशी वाक्यं जन्मतात. बहुवचनाचाही असाच त्रास आहे. रशियनमध्ये सल्ले, ज्ञानं, पैसे, केस, बातम्या असं सगळं बिनदिक्कत अनेकवचनी चालतं, म्हणून 'ॲडव्हायसेस', 'नॉलेजेस' आणि 'द मनी आर' ऐकू येतात. हे व्याकरण म्हणून शिकवू नका. शब्द शिकवतानाच त्याच्यासोबत 'अ पीस ऑफ', 'अ बिट ऑफ', 'अ वेल्थ ऑफ' जोडून द्या.

उपसर्ग : इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

संस्कृत शिकलेल्या कुणालाही 'उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते' हे पाठ असतं. एक 'हृ' धातू, आणि प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. रशियन भाषा अजून याच पद्धतीने जिवंत चालते, आणि इंग्रजीतले लॅटिन शब्दही याच पद्धतीने बांधलेले आहेत. रशियन विद्यार्थ्याकडे हा कारखाना आधीच आहे. त्याने तो इंग्रजी शब्दांना कधी जोडून पाहिलेला नसतो, एवढंच.

'पिसात्' म्हणजे लिहिणं. लॅटिनमधलं तेच 'स्क्रिब'. आता जोड्या लावा. 'ओपिसात्' म्हणजे वर्णन करणं, 'डिस्क्राइब'. 'प्रेदपिसात्' म्हणजे आधीच ठरवून देणं, फर्मावणं, 'प्रिस्क्राइब'. 'प्रिपिसात्' म्हणजे एखाद्याच्या माथी मारणं, 'अस्क्राइब'. 'पोदपिसात्स्या' म्हणजे खाली सही करून वर्गणीदार होणं, 'सब्स्क्राइब'. रशियन शाळेत भूमितीत त्रिकोणातलं वर्तुळ 'व्पीसान्नाया' असतं आणि बाहेरचं 'ओपीसान्नाया'. इंग्रजीत तीच 'इन्स्क्राइब्ड' आणि 'सर्कमस्क्राइब्ड'. इथवर आलात की विद्यार्थी पुढचे शब्द स्वतःच शोधू लागतो.

'व्लेच्' म्हणजे ओढणं, लॅटिन 'ट्रॅक्ट'. 'प्रिव्लेच्' म्हणजे 'अट्रॅक्ट', 'ओत्व्लेच्' म्हणजे 'डिस्ट्रॅक्ट', 'इझ्व्लेच्' म्हणजे 'एक्स्ट्रॅक्ट'. आणि 'ओत्व्लेच्योन्नी' म्हणजे अमूर्त, 'ॲब्स्ट्रॅक्ट'.

'लोझित्' कुटुंब ठेवण्याचं, म्हणजे लॅटिन 'पोनेरे'चं. 'प्रेदलोझित्' म्हणजे पुढे ठेवणं, 'प्रपोज'. 'प्रेदपोलोझित्' म्हणजे 'सपोज'. 'नालोझित्' म्हणजे वर लादणं, 'इम्पोज', आणि गंमत म्हणजे दंड लादण्याची जोडीसुद्धा जशीच्या तशी : 'नालोझित् श्त्राफ', 'इम्पोज अ फाइन'. 'प्रोतिवोपोलोझ्नी' म्हणजे 'ऑपोझिट'. तसंच 'क्ल्युच' म्हणजे किल्ली, त्यावरून 'व्क्ल्युचित्' म्हणजे 'इन्क्लूड', 'इस्क्ल्युचित्' म्हणजे 'एक्स्क्लूड', 'झाक्ल्युचित्' म्हणजे 'कन्क्लूड', करार करण्याच्या अर्थानेही.

हा योगायोग नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रशियन लेखकांनी, त्यांत निकोलाय करमझीन (१७६६–१८२६) यांच्या पिढीने, फ्रेंच शब्दांचे तुकडे पाडून ते एकेक करून रशियनमध्ये उतरवले. 'व्लियानिये' म्हणजे आत वाहत येणं, 'इन्फ्लुअन्स'. 'व्पेचात्लेनिये' म्हणजे आत उमटलेला शिक्का, 'इम्प्रेशन'. रशियन माणूस हे शब्द रोज वापरतो, पण त्यांची घडण त्याला दिसत नाही. दाखवून दिली की बरेच जण थक्क होतात.

वर्गात याचा सराव असा घ्या. फळ्यावर मध्यभागी रशियन धातू, भोवती उपसर्ग, आणि बाहेरच्या वर्तुळात इंग्रजी शब्द. आठवड्याला एक धातू पुरतो. शेवटी एक स्तंभ 'पूल तुटतो तिथे' असा ठेवा, कारण तो तुटतो. 'पेरेदुमात्' म्हणजे पुन्हा विचार करणं नव्हे, मत बदलणं, 'चेंज वन्स माइंड'. 'पेरेझिवात्' म्हणजे काळजीत असणं. उत्साहाच्या भरात विद्यार्थी 'आय ॲम ओव्हरलिव्हिंग' म्हणायच्या आत हा स्तंभ भरलेला हवा.

अस्सल इंग्रजी शब्दांनाही हाच पूल काही अंतर चालतो. 'नेदो' म्हणजे 'अंडर' : 'नेदोओत्सेनित्', 'अंडरएस्टिमेट', 'नेदोवारित्', 'अंडरकुक'. 'पेरे' बऱ्याचदा 'ओव्हर' : 'पेरेसोलित्', मीठ जास्त घालणं, 'ओव्हरसॉल्ट', 'पेरेओत्सेनित्', 'ओव्हरएस्टिमेट'. कधी तेच 'पेरे' 'आउट' होतं : 'पेरेरास्ती', 'आउटग्रो'. फ्रेझल व्हर्बांपैकी, म्हणजे क्रियापदाला 'आउट', 'अप' असा छोटा शब्द जोडून झालेल्यांपैकी, 'क्रॉस आउट', 'टेक अपार्ट', 'हँड आउट' असे हालचालीचे शब्द इथेच बसतात. 'पुट अप विथ', 'कम अप विथ', 'टर्न डाउन' यांना मात्र कसलाही पूल नाही. ते वाक्यासकट पाठ करायचे.

पूर्ण आणि अपूर्ण

रशियन क्रियापदं जोडीने येतात, एक क्रिया चालू असल्याचं आणि एक ती पार पडल्याचं. 'उगोवारिवाल, नो ने उगोवोरील' : समजूत घालत होतो, पण तो ऐकेना. रशियनमध्ये दोन्हीकडे एकाच शब्दाची दोन रूपं. विद्यार्थी इंग्रजीत 'आय परस्वेडेड हिम बट डिडन्ट परस्वेड' अशी कोलांटउडी मारतो. इंग्रजीत बऱ्याच जोड्यांसाठी दोन वेगळे शब्द लागतात. 'स्दावात्' आणि 'स्दात्' परीक्षा : 'टेक' आणि 'पास'. 'पोस्तुपात्' आणि 'पोस्तुपित्' विद्यापीठात : 'अप्लाय' आणि 'गेट इन'. 'दोबिवात्स्या' आणि 'दोबीत्स्या' : 'सीक' किंवा 'स्ट्राइव्ह फॉर', आणि 'अचीव्ह'. 'दोकाझिवात्' आणि 'दोकाझात्' : 'आर्ग्यू' आणि 'प्रूव्ह'. अशा पंधरा-वीस जोड्यांचा तक्ता बनवून भिंतीवर लावायला सांगा. कुठल्याही शब्दयादीत त्या या रूपात मिळत नाहीत.

कोणासोबत कोण

सी-वन आणि बी-टू यांच्यातलं अंतर बरंचसं शब्दांच्या संगतीत असतं. 'सील्नी' म्हणजे जोरदार, आणि रशियनमध्ये तो पाऊस, वेदना, थंडी, वारा सगळ्यांना लागतो. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वेदना 'सिव्हिअर', थंडी 'बिटर', फक्त वारा 'स्ट्राँग'.

'प्रिन्यात्' (घेणं, स्वीकारणं) हे क्रियापद घेऊन अख्खा तास घालवता येतो. निर्णय 'मेक' किंवा 'टेक', उपाययोजना 'टेक', कायदा 'पास', पाहुणे 'रिसीव्ह' किंवा 'होस्ट', औषध 'टेक', नोकरीचा प्रस्ताव 'ॲक्सेप्ट'. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र सगळीकडे 'ॲक्सेप्ट' बसलेलं असतं, आणि 'द पार्लमेंट ॲक्सेप्टेड द लॉ' तो निःशंकपणे लिहितो. याहून धोकादायक 'दोपुस्तित् ओशिब्कू', चूक करणं. शब्दशः केलं की 'ॲडमिट अ मिस्टेक' होतं, म्हणजे चूक कबूल करणं. कार्यालयीन ईमेलमध्ये हा फरक महागात पडू शकतो.

संगत शोधायला कोका हा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह वापरायला शिकवा. त्यात एक अब्जाहून जास्त शब्दांचा मजकूर आहे, आणि नोंदणी करून मर्यादित वापर फुकट करता येतो. नाम टाकायचं, त्याच्या आधी कोणती विशेषणं किंवा क्रियापदं येतात ते बघायचं. रशियन विद्यार्थी बहुतेक मुल्तीत्रान हा ऑनलाइन शब्दकोश उघडून बसलेला असतो. तो वाईट नाही, विषयवार अर्थ देतो, पण वीस प्रतिशब्दांतला कोणता उचलायचा हे सांगत नाही. नियम करा : मुल्तीत्रानवर सापडलेला शब्द कोकावर पडताळल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही.

पातळी आणि सूर

१०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं आणि इंग्रजीत एकाच कामाला दोन-तीन शब्द साचले : 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटेरोगेट'. रशियनला हे समजावणं सोपं आहे. त्याच्याकडे डोळ्यांसाठी साधं 'ग्लाझा' आणि काव्यातलं 'ओची' आहे, जसं आपल्याकडे डोळे आणि नेत्र. अडचण अशी की लॅटिन शब्द त्याला जवळचे असल्याने तो मित्राला पाठवलेल्या निरोपातही 'कमेन्स' आणि 'टॉलरेट' लिहितो. त्याच्या पत्रांतले असे शब्द अधोरेखित करा आणि प्रत्येकासाठी 'स्टार्ट', 'पुट अप विथ' असा घरगुती पर्याय लिहायला लावा.

सुराचे छोटे शब्दही याच खात्यातले. रशियन 'कोनेच्नो' हा प्रेमळ होकार असतो. 'डू यू नो द वे?' याला 'ऑफ कोर्स' असं उत्तर दिलं की इंग्रजीत 'हेही विचारायचं का?' असा वास येतो. 'शुअर' किंवा 'यस, इट्स...' पुरे. 'नोर्माल्नो'चं भाषांतर 'नॉर्मल' न करता 'फाइन' करा. 'ओब्याझातेल्नो' म्हणजे नक्की. 'आय विल डेफिनेटली कम'. 'व् प्रिन्त्सिपे' हा रशियनांचा भरीचा शब्द आहे. त्याचं 'इन प्रिन्सिपल' केलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे 'पण' येणार आहे.

आणि 'व्हॉट डू यू थिंक?'च्या जागी येणारं 'हाऊ डू यू थिंक?' हे पहिल्याच दिवशी थांबवा.

वही, कार्डं, आठवडा

आंकीसारखं कार्डांचं ॲप चांगलं, पण कार्ड कसं बनवायचं यावर सगळं अवलंबून. एका बाजूला 'प्रिन्यात्' आणि दुसऱ्या बाजूला 'ॲक्सेप्ट' असं कार्ड नुकसानच करतं. समोर रशियन जोडी ठेवा, 'प्रिन्यात् झाकोन', आणि त्याखाली इंग्रजी वाक्यात रिकामी जागा. मागे 'पास अ लॉ' आणि पूर्ण वाक्य. कार्डावर एकटा शब्द कधीही नको.

दिवसाला चार-पाच नवी कार्डं, आठवड्याला पंचवीसच्या आसपास. जास्त उत्साही विद्यार्थ्यालाही यापुढे जाऊ देऊ नका, कारण उजळणीचा ढीग महिन्याभरात अंगावर येतो. आठवड्यातून एकदा त्याच्या व्यवसायावरचा अडीचशे शब्दांचा मजकूर लिहून घ्या, त्यात त्या आठवड्याच्या दहा तरी जोड्या याव्यात. तपासताना तीनच खुणा करा : चुकीचा शब्द, चुकीची संगत, चुकीची पातळी. व्याकरण त्या दिवशी बाजूला ठेवा.

प्रोग्रॅमरांची एक गंमत सांगतो. त्यांच्या बोलीत 'झादेप्लोइत्', 'झाअप्रूवित्' असे शब्द असतात, म्हणजे 'डिप्लॉय', 'अप्रूव्ह' या इंग्रजी धातूंना रशियन उपसर्ग आणि प्रत्यय. त्यांना हसू नका. उपसर्गाच्या तासाला हीच उदाहरणं सगळ्यात पटकन समजतात.

परीक्षा द्यायची असेल तर

२०२२ मध्ये टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या दोन्ही परीक्षा रशियात घेणं थांबवण्यात आलं. तेव्हापासून बरेच विद्यार्थी अर्मेनिया, जॉर्जिया किंवा कझाकस्तानात जाऊन परीक्षा देतात. प्रवास, मुक्काम आणि शुल्क धरता हा खर्च दोनदा करण्यासारखा नसतो, म्हणून तारीख घाईने ठरवू देऊ नका. केंब्रिजच्या सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षेत दिलेल्या शब्दापासून नवा शब्द बनवण्याच्या आठ जागा असतात. रशियन शालान्त परीक्षेत, 'येगे'मध्ये, अशाच धर्तीचे प्रश्न असल्याने त्या भागात विद्यार्थी निर्धास्त असतो. तयारीचा वेळ तिथून काढून वाक्य फिरवून लिहिण्याच्या प्रश्नांना द्या, कारण फ्रेझल व्हर्ब आणि संगती तिथेच तपासल्या जातात. परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नवी कार्डं पूर्ण बंद ठेवा आणि अर्धफसव्या शब्दांची यादी रोज एकदा मोठ्याने वाचून घ्या.